आरोग्य आणि न्यायालयांचा प्रश्न विधानसभेत न्यायचा कसा? नव्यांसाठी वाटाड्या

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, म्हणून सिझेरियनची बाई रात्री-अपरात्री जिल्ह्याला पाठवावी लागते. तालुक्याच्या न्यायालयात तारखेवर तारीख पडते. मग कुणीतरी म्हणतं, "साहेबांनी हे विधानसभेत मांडायला पाहिजे." साहेब मान डोलावतात, पीए निवेदनावर 'आवश्यक कार्यवाही' असा शेरा मारतो आणि कागद फाइलीत जातो. हा लेख त्या पीएसाठी आहे, निवेदन घेऊन आलेल्या कार्यकर्त्यासाठी आहे, आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदारांनी वाचला तरी हरकत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. सभागृहात प्रश्न विचारतात तो मंत्र्यांना सुनवायला नव्हे, त्यांच्या तोंडून एखादी तारीख, पदांचा आकडा किंवा आदेश वदवून घ्यायला. तिथे बोललेलं कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, छापलं जातं आणि पुढे त्याचाच आधार घेता येतो. व्हिडिओ व्हायरल होणं हा वेगळा धंदा आहे.

वेळापत्रक आधी, विषय नंतर

महाराष्ट्र विधानमंडळाची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरचं अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारातून आलेलं आहे. तारांकित प्रश्नांच्या (ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्या प्रश्नांच्या) सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्याची मुदत विधानमंडळ सचिवालय कळवतं. पेपरात 'अधिवेशन सोमवारपासून' ही बातमी वाचून जो आमदारांकडे धावत जातो, त्याची तारांकित प्रश्नाची गाडी तोवर सुटलेली असते. त्याच्या हाती उरतात ती लक्षवेधीसारखी (ताज्या घटनेकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) आयुधं. म्हणून एक अधिवेशन संपलं की पुढच्याची कागदपत्रं जमवायला लागा.

आपला आमदार मंत्री असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारणार नाही, तो उत्तरं देणाऱ्यांच्या बाकावर बसलेला. अशा वेळी विधान परिषद विसरू नका. परिषदेच्या ७८ सदस्यांत पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रत्येकी ७ आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे २२ सदस्य असतात. आपल्या विभागाचे पदवीधर आमदार कोण, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, आणि त्यांच्याकडे निवेदनांची गर्दीही तुलनेने कमी असते. सत्ताधारी पक्षाचे आमदारही प्रश्न विचारतात, बिनदिक्कत विचारतात. "आपलंच सरकार आहे, कसं विचारणार?" ही सबब ऐकून घेऊ नका.

प्रश्न नेमका कोणत्या खात्याचा?

नवखे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. खातं चुकलं की प्रश्न खात्याखात्यांत फिरत बसतो, आणि मंत्र्यांना "ही बाब या विभागाशी संबंधित नाही" असं म्हणायला मोकळीक मिळते.

'सरकारी दवाखाना' या एका नावाखाली चार-पाच मालक असतात. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, तिथला साहेब म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि 'सिव्हिल' ही जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत. हे सगळं वर मंत्रालयात सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येतं. पण जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि सिव्हिल त्याला जोडलं गेलं, की प्रश्न वैद्यकीय शिक्षण विभागाचा. महानगरपालिकेचं रुग्णालय असेल तर नगरविकास. इमारत रखडली असेल तर बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागालाही धरावं लागतं. रुग्णालयाच्या दारावरची पाटी नीट वाचली, तर यातला निम्मा घोळ तिथेच मिटतो.

आता दोन उदाहरणं, ज्यांत आरोग्य आणि न्याय एकमेकांत गुंतलेले आहेत.

पहिलं, व्हिसेऱ्याचं, म्हणजे मृतदेहातून तपासणीसाठी राखलेल्या अवयवांच्या नमुन्यांचं. संशयास्पद मृत्यू झाला की शवविच्छेदन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतं, म्हणजे आरोग्य विभाग. डॉक्टर 'व्हिसेरा राखून ठेवला' असं लिहितात आणि मृत्यूचं अंतिम कारण अहवाल येईपर्यंत लांबतं. नमुना पोलीस घेऊन जातात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, आणि ही प्रयोगशाळा गृह विभागाच्या अखत्यारीत आहे. अहवाल येत नाही तोवर तपास रेंगाळतो, खटला रेंगाळतो, घरच्यांचा विम्याचा दावाही अडकतो. घरचे मात्र रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवत असतात, कारण त्यांनी मृतदेह ताब्यात घेतला तो तिथून. तुम्ही आरोग्यमंत्र्यांना विचारलंत तर उत्तर येईल, "व्हिसेरा विहित वेळेत पोलिसांच्या ताब्यात देण्यात आला आहे." खरंच आहे ते, पण तुमच्या कामाचं नाही. हा प्रश्न गृहमंत्र्यांना विचारायचा: अमुक प्रादेशिक प्रयोगशाळेत अमुक दिनांकास किती व्हिसेरा नमुने प्रलंबित आहेत, त्यांतले एक वर्षाहून जुने किती, विश्लेषकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती.

दुसरं उदाहरण धर्मादाय रुग्णालयांचं, आणि ते मला फार आवडतं, कारण भलेभले इथे फसतात. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयाने गरीब रुग्णाकडे आधी अनामत रक्कम मागितली, दाखल करून घेतलं नाही, अशी तक्रार आली की हात आपोआप आरोग्यमंत्र्यांकडे वळतो. पण धर्मादाय आयुक्त येतात विधी व न्याय विभागाखाली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्याखेरीज एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. म्हणजे विचारायचं ते विधी व न्याय मंत्र्यांना: अमुक जिल्ह्यातल्या धर्मादाय रुग्णालयांच्या निर्धन रुग्ण निधीत गेल्या तीन वर्षांत किती रक्कम जमा झाली, किती खर्च झाली, शिल्लक किती. शिल्लक मोठी निघाली तर पुढचा उपप्रश्न आपोआप तयार असतो.

सीमेवरच्या जिल्ह्यांत आणखी एक गुंता असतो. दोडामार्ग, सावंतवाडीकडचे रुग्ण पूर्वापार बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. तिथे काय व्हावं हे महाराष्ट्राच्या विधानसभेत विचारता येणार नाही, तो गोवा विधानसभेचा विषय. पण सिंधुदुर्गातून तिथे रुग्ण पाठवावे का लागतात, आणि त्यांच्या खर्चासाठी महाराष्ट्र शासनाने कोणती व्यवस्था केली आहे, हे आपल्या आरोग्यमंत्र्यांना खुशाल विचारा.

न्यायालयांबद्दल काय विचारता येतं, काय नाही

इथे पाऊल जपून टाका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २११ नुसार सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या कामकाजातील वर्तनाची राज्य विधानमंडळात चर्चा करता येत नाही. एखादा निकाल चुकला, अमुक न्यायाधीश तारखा देतात, असला मजकूर प्रश्नात आला की तो सचिवालयातच गळणार. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तरीही तीच गत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, अनुच्छेद २३५ प्रमाणे. त्यामुळे बदली कोणाची का झाली, हेही विचारण्यात अर्थ नाही.

मग उरतं काय? भरपूर उरतं. इमारत, निवासस्थानं, पदनिर्मिती, कर्मचारी, सरकारी वकील, संगणक, पक्षकारांना बसायला जागा, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, विधी सेवा प्राधिकरणाला मिळणारा निधी. यांतल्या प्रत्येक गोष्टीला पैसा राज्याच्या तिजोरीतून लागतो. तालुक्याला वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय हवं असेल तर उच्च न्यायालयाची शिफारस, विधी व न्याय विभागाचा प्रस्ताव, पदांना वित्त विभागाची आणि उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता, मग मंत्रिमंडळ, असा प्रवास असतो. "न्यायालय कधी सुरू होणार?" असं मोघम विचारलंत तर "प्रस्ताव विचाराधीन आहे" एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: प्रस्ताव विभागाला कोणत्या दिनांकास प्राप्त झाला, सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, त्या टप्प्यावर किती महिने आहे? फाइल कुठल्या टेबलावर पडली आहे ते अशा प्रश्नानेच बाहेर येतं.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली होती. बेंच कुठे बसवायचं हा निर्णय राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ खाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने घ्यायचा असतो, मंत्र्यांच्या हातात तो नव्हताच. पण जागा, निधी, इमारतीची डागडुजी हे सरकारचं काम होतं, आणि आमदारांना सरकारला धरता येण्याजोगी बाजू तीच.

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या रिक्त जागा हा केंद्राचा विषय. मुंबई उच्च न्यायालयात मंजूर पदं ९४ आहेत. ती भरली का जात नाहीत, हे खासदारांनी लोकसभेत केंद्रीय विधी मंत्र्यांना विचारायचं. तालुक्याच्या न्यायालयातल्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांची भरती मात्र महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, तेव्हा मागणीपत्र कधी गेलं हे विधानसभेत विचारता येतं.

कागद जमवा

"लोक म्हणतात" यावर प्रश्न उभा राहत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं, म्हणूनच वेळापत्रकाचं तुणतुणं मी सुरुवातीला वाजवलं. प्रलंबित खटल्यांचे जिल्हावार आणि न्यायालयवार आकडे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कुणालाही पाहता येतात, त्याला अर्जही लागत नाही. आरोग्य केंद्रांसाठी लोकसंख्येचे निकष ठरलेले आहेत: प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक, आदिवासी व डोंगरी भागात २०,००० ला एक. तुमच्या भागात किती कमी पडतात ते जनगणनेवरून काढा आणि आकडा प्रश्नात घाला. बातमीचं कात्रण जोडायला हरकत नाही, पण नुसत्या कात्रणावर विसंबू नका. "वृत्तपत्रात आलेली बातमी वस्तुस्थितीला धरून नाही" हे उत्तर विभागांकडे जणू छापून ठेवलेलं असतं.

पदांची माहिती मागताना मंजूर, भरलेली आणि रिक्त एवढ्यावर थांबू नका. 'भरलेली'मध्ये प्रतिनियुक्तीवर गेलेले किती, दीर्घ रजेवर किती, हेही मागा. कागदावर डॉक्टर तुमच्या रुग्णालयात आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच तालुक्यात, हा प्रकार राज्यभर चालतो.

आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा. प्रश्नात रुग्णाचं नाव, आजाराचा तपशील, अत्याचारपीडित स्त्री किंवा बालक ओळखू येईल असं काहीही लिहू नका. पीडितांची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रश्नोत्तराच्या याद्या छापल्या जातात, संकेतस्थळावर राहतात.

कोणतं आयुध?

सभागृहाच्या भाषेत यांना संसदीय आयुधं म्हणतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर लेखी, चर्चा नाही. नव्यांना अतारांकित म्हणजे दुय्यम वाटतो. माझं मत उलट आहे: आकडेवारी हवी असेल तर अतारांकितच बरा, कारण तक्ता अख्खा मिळतो. शिवाय यादीत क्रमांक खाली लागलेले तारांकित प्रश्न तासाभरात चर्चेला येतच नाहीत, त्यांचंही शेवटी छापील उत्तरच हाती पडतं.

ताजी आणि गंभीर घटना असेल तर लक्षवेधी सूचना, विधानसभेत नियम १०५ खाली, परिषदेत नियम १०१ खाली. मंत्री निवेदन करतात, मग प्रश्न. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळं दगावली. अशा घटनेला महिनाभर आधी सूचना देण्याची आयुधं काय कामाची? विषय मोठा असेल तर विधानसभेत नियम २९३, परिषदेत नियम २६० खाली चर्चा लागते, पण ते काम पक्षाच्या पातळीवर ठरतं, एकट्या आमदाराच्या पीएने त्यात डोकं घालून उपयोग नाही. पैशाचा प्रश्न असेल तर मात्र अर्थसंकल्पीय मागण्यांवरच्या चर्चेत कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा, अशी सूचना) द्या. दिसायला क्षुल्लक, पण विभागाला त्यावर टिपण तयार करावं लागतं.

मसुदा असा लिहा

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. समजा, ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणात पडून आहे. पहिला कच्चा मसुदा बहुधा असा येतो: "रुग्णालयात यंत्र धूळ खात पडले असून गोरगरीब रुग्णांची लूट होत आहे, हे खरे आहे काय?" यात 'लूट' हा शब्द आला की उत्तराची पहिली ओळ ठरली: "हे खरे नाही." त्याऐवजी:

"सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-
(१) अमुक येथील ग्रामीण रुग्णालयास सोनोग्राफी यंत्र प्राप्त झाले असून ते अद्याप वापरात नाही, हे खरे आहे काय,
(२) सदर यंत्र कोणत्या दिनांकास प्राप्त झाले व त्याची गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र अधिनियमाखालील नोंदणी कोणत्या दिनांकास झाली,
(३) सदर यंत्र हाताळण्यास पात्र डॉक्टरांचे पद किती कालावधीपासून रिक्त आहे व या कालावधीत किती रुग्णांना सोनोग्राफीसाठी अन्यत्र पाठविण्यात आले,
(४) असल्यास, यंत्र कार्यान्वित करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

उत्तरं कशी येतात तेही ओळखायला शिका. "हे खरे आहे" क्वचित. "हे अंशतः खरे आहे" म्हणजे बहुतेक सगळं खरं आहे, एखादी तारीख तुमची चुकली. "प्रश्न उद्भवत नाही" हे मात्र तुम्ही ओढवून घेतलेलं असतं: पहिल्या भागात एकच गोष्ट विचारली, ती नाकारली गेली, आणि खालचे सगळे भाग त्या एका नकारावर टांगलेले होते. म्हणून वरच्या मसुद्यात (२) आणि (३) मध्ये तारखा आणि आकडे मागितले आहेत. यंत्र आलेलंच असेल तर दिनांक तर द्यावाच लागेल.

विशेषणं काढा, आरोप काढा, उपरोध काढा. एका प्रश्नात एकच रुग्णालय किंवा एकच विषय ठेवा. रुग्णालय, रुग्णवाहिका आणि रस्ता एकत्र कोंबलात तर तीन खात्यांमध्ये चेंडू फिरेल.

सभागृहात

आमदारांच्या हातात पाच पानांचं टिपण देऊ नका, ते उभं राहून वाचता येत नाही. एक कार्ड द्या: वर छापील उत्तरातली सगळ्यात कच्ची ओळ, खाली दोन उपप्रश्न. अध्यक्ष एखाद-दुसराच उपप्रश्न देतात, आणि तो प्रस्तावनेत वाया घालवणारे आमदार प्रत्येक अधिवेशनात दिसतात. "अध्यक्ष महोदय, उत्तरात पद भरण्याची कार्यवाही सुरू असल्याचे म्हटले आहे. ती कोणत्या महिन्यापर्यंत पूर्ण होईल?" बास, एवढंच. मंत्री म्हणाले "तीन महिन्यांत", की आमदारांनी खाली बसावं. आणखी बोलत राहिलं तर मंत्र्यांना "प्रयत्न करू" असं म्हणून माघार घ्यायला वाव मिळतो.

आधीच शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांशी बोलून ठेवा. एकाच प्रश्नावर अनेकांच्या सह्या असू शकतात, आणि दुसऱ्या सदस्याने लगेच त्याच धाग्यावर विचारलं तर मंत्र्यांना विषय बदलता येत नाही.

उत्तर हाती आल्यावर

खरं काम इथून पुढे. मंत्र्यांनी सभागृहात "करू", "देऊ", "चौकशी करू" म्हटलं की ते आश्वासन ठरू शकतं, आणि त्याची पूर्तता झाली का हे पाहायला विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. त्यासाठी कार्यवृत्ताची प्रत मिळवा, तारीख आणि प्रश्न क्रमांक टिपून ठेवा. मुदत उलटली की आमदारांच्या पत्राने आधी विभागाच्या सचिवांना स्मरण द्या, मग समितीला कळवा.

छापील उत्तराची प्रत रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवा, तालुका वकील संघाला द्या, स्थानिक पत्रकारांना द्या. वैद्यकीय अधीक्षकांना बऱ्याचदा आपल्याच रुग्णालयाबद्दल मंत्रालयातून काय उत्तर गेलं हे माहीत नसतं. उत्तरात यंत्र 'कार्यान्वित' लिहिलं असेल आणि ते अजून आवरणातच असेल, तर पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा भाग (१) तुमच्याकडे तयार आहे: "दिनांक अमुक रोजीच्या प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात नमूद केल्यानुसार..." त्यासोबत त्या आठवड्याच्या सोनोग्राफी नोंदवहीची माहिती अधिकारात मिळवलेली प्रत जोडा.